एकवीस मिनिटं कुठे गेली?

प्रति,
मंगळावरची मुलगी आणि पंचवटीतली आई यांची गोष्ट सांगणाऱ्या मालिकेचे निर्माते, लेखक आणि दिग्दर्शक यांस

सप्रेम नमस्कार.

मालिकेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना वरच्या ओळीतच कळलं असेल. नाव लिहिलं की त्या नावामागे शिव्या घेऊन फिरणारी मंडळी इथेही येतील आणि मला त्यांच्या रांगेत उभं राहायचं नाही. पण गप्पही बसवत नाही. आठवा भाग येऊन गेला, त्यावर तुमच्याकडून जे बोललं गेलं ते वाचलं, आणि हे पत्र तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवण्याऐवजी सगळ्यांसमोर लिहायचं ठरवलं.

मी नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात टूलरूमला इन्स्पेक्शन बघतो. बावीस वर्षं हेच काम. पार्ट माझ्या टेबलावर येतो, मी ड्रॉइंग उघडतो, माप घेतो. रिजेक्शन नोट लिहायची तर त्यात दोनच गोष्टी लागतात: ड्रॉइंगमध्ये काय लिहिलंय आणि प्रत्यक्षात काय आलंय. मला काय आवडलं, काय नाही, याला त्या कागदावर जागा नसते. या पत्रातही मी तुम्हाला तुमच्याच ड्रॉइंगने मोजणार आहे. पहिल्या सात भागांत तुम्ही स्वतः जे नियम ठरवलेत, त्यांनी.

आधी आमच्या घरचं सांगतो, नाहीतर एवढं मनाला का लागलं ते कळायचं नाही.

माझे वडील तारखात्यात होते. नाशिक रोडला. कडकट्टच्या, म्हणजे मोर्सच्या तारयंत्राच्या काळात लागले, पुढे टेलिप्रिंटर आला, मग निवृत्त झाले. १५ जुलै २०१३ ला देशातली तार सेवा बंद झाली, त्या दिवशी ते जेवायला बसले आणि पानावरून उठेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. निरोप जायला आणि यायला वेळ लागतो, आणि त्या मधल्या वेळात माणसं काय काय जगून घेतात, हे त्यांच्याइतकं जवळून पाहिलेलं दुसरं कुणी मला माहीत नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं अडकलं. कळतं सगळं. प्रश्न विचारला की तो आत पोचलेला त्यांच्या डोळ्यांत दिसतो, पण उत्तर बाहेर यायला अर्धा मिनिट, कधी मिनिट, कधी त्याहून जास्त लागतं. वाचा-उपचाराच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, 'त्यांच्या तोंडात शब्द देऊ नका. थांबा.' सांगायला सोपं, पण आम्हाला जमायचं नाही. 'आबा, चहा? कॉफी? का पाणी देऊ?' एकामागून एक प्रश्न. मग ते डोळे मिटून घ्यायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे.

तुमची मालिका सुरू झाली ती याच दिवसांत. आमच्या इंदिरानगरच्या बिल्डिंगमध्ये एकांकडे प्रोजेक्टर आहे. दर शुक्रवारी साडेआठला आमच्या हॉलच्या भिंतीवर भाग लावायचा असं ठरलं. दहा-बारा माणसं. ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात आयुष्य काढलेले वरच्या मजल्यावरचे काका, त्यांचा फिजिक्स शिकणारा नातू, समोरच्या वहिनी, कॉलेजची तीन पोरं, आणि आबांची खुर्ची अगदी पुढे.

पडद्याच्या कोपऱ्यातला तो आकडा आम्हाला पहिल्याच भागात आवडला. ४ मिनिटं. निरोप नाशिकहून मंगळावर पोचायला लागणारा वेळ. पृथ्वी आणि मंगळ एकमेकांपासून लांब जात राहिले तसा तुम्ही तो प्रामाणिकपणे वाढवत नेलात. तिसऱ्या भागात ९, पाचव्यात १६, सातव्यात २१. सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणाऱ्या प्रकाशालाही एकवीस मिनिटं लागतात, म्हणजे जवळजवळ ३८ कोटी किलोमीटर. हा हिशोब आमच्या हॉलमध्ये कॉलेजच्या पोरांनी मोबाइलवर करून पाहिला. बरोबर आला तेव्हा त्यांना झालेला आनंद तुम्ही पाहायला हवा होता.

आणि तिसऱ्या भागातला तो कुकर. आई विचारते, 'जेवलीस का गं?' आणि उठून कुकर लावते. कॅमेरा तिथेच उभा. पहिली शिट्टी, दुसरी, तिसरी. ती गॅस बंद करते, ओट्यावर फडकं फिरवते, वाफ जाईपर्यंत वर्तमानपत्र चाळते. झाकण उघडते आणि तेव्हा पाठीमागून आवाज येतो, 'हो आई. तू?' नऊ मिनिटं जायची, नऊ यायची. तुम्ही ते कापून आमच्यासाठी दीड-दोन मिनिटांचं केलंत, पण आम्ही अठराच्या अठरा मिनिटं तिच्याबरोबर बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मुलीने विचारलं, 'आबा, पोळी का भाकरी?' आणि विचारून ती वेणी घालायला बसली. पुन्हा विचारलं नाही. एक वेणी पूर्ण झाली, रिबीन बांधून झाली, तेव्हा खुर्चीतून उत्तर आलं, 'भाकरी. लोणी आहे?' झटका आल्यापासून त्यांनी आम्हाला उलटा विचारलेला तो पहिला प्रश्न. बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली. हे तुमच्या तिसऱ्या भागाने दिलं. त्याचे आभार मानायचे राहून गेले होते, ते इथे मानतो.

आता आठवा भाग.

सातव्याचा शेवट आठवा. मंगळ सूर्याच्या पलीकडे जातोय. युतीच्या त्या दिवसांत सूर्य मध्ये येतो, संदेश गढूळ होतात, म्हणून खऱ्या मोहिमांतही साधारण दोन आठवडे यानांना आज्ञा पाठवणं थांबवतात. नेमकं त्याच दोन आठवड्यांत आईचं ऑपरेशन. ती शेवटचा निरोप रेकॉर्ड करते आणि म्हणते की आता पंधरा दिवस तू बोल, मी ऐकतेय असं समजून बोल. त्या रात्री आमच्याकडून कुणी उठलं नाही. अकरा वाजले तरी सगळे बसून. आठवडाभर जिन्यात, गेटवर, मंडईत एकच विषय: ती एकटी पंधरा दिवस काय बोलेल?

आणि आठव्यात तिला गुहेत निळा चमकणारा दगड सापडला. तिने हात लावला आणि आई समोर. अतिदक्षता विभागातली आई, जागच्या जागी, प्रश्नाला लगेच उत्तर, दोघी रडतायत. कंट्रोल रूममधला माणूस म्हणतो, 'हे क्वांटम आहे.' एवढंच. कोपऱ्यातला आकडा गायब. आबांनी भिंतीकडे बघत तोंड उघडलं. आम्ही थांबलो. बराच वेळ गेला, पडद्यावर संगीत वाजत होतं, आणि मग ते म्हणाले, 'कसं?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाग संपल्यावर पाच मिनिटांत खुर्च्या घडी घालून भिंतीला लागल्या होत्या.

काकांच्या नातवाने शांतपणे सांगितलं की क्वांटम विज्ञानातलं दोन कणांमधलं नातं कितीही लांबून टिकतं हे खरं आहे, पण त्यातून निरोप पाठवता येत नाही. तेही बाजूला ठेवू. विज्ञानकथेत लेखकाला एक अशक्य गोष्ट मागून घेण्याचा हक्क आहे आणि आम्ही ती आनंदाने देतो. पहिल्या भागात तो दगड ठेवला असतात तर आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवून बसलो असतो. तुम्ही सात भाग उलटं सांगितलंत. हे अंतर खरं आहे, ते कुणालाही चुकवता येत नाही, आणि या दोघींचं प्रेम त्या अंतरात उभं आहे, असं सांगितलंत. कारखान्यात ड्रॉइंग बदलायला बंदी नसते. पण रिव्हिजन नंबर टाकावा लागतो, कारण लिहावं लागतं, सही करावी लागते. कुणी न सांगता माप बदलून पार्ट पुढे ढकलला तर तो खाली कुठेतरी जाऊन अडकतोच. तुमचा तो आमच्या हॉलमध्ये अडकला.

तुमच्या दगडाने आधीचेही भाग मागे जाऊन मोडले. आता तो कुकरचा प्रसंग पुन्हा लावला तर मनात येतं, थांबायची गरजच काय होती, दगड शोधायचा होता. यापेक्षा मोठं नुकसान मला दिसत नाही.

बाकीच्या तक्रारी याच्यापुढे लहान आहेत, पण लिहायला हव्यात, कारण सगळ्यांतून एकच गोष्ट दिसते: आठवा भाग करताना तुमच्यापैकी कुणी आधीचे सात पाहिलेले नाहीत.

दुसऱ्या भागात तुम्ही मंगळावरचा सूर्यास्त निळा दाखवलात. तिथली धूळ इतकी बारीक की मावळत्या सूर्याजवळचं आकाश निळसर दिसतं. यानांनी काढलेले फोटो आहेत. मुलगी तो बघत म्हणते की इथे सगळं उलटं आहे, दिवसा आकाश तांबूस आणि संध्याकाळी निळं. आठव्यात सूर्य मावळतो तो सरळ केशरी. कोकणातल्या समुद्रावर मावळावा तसा.

चौथ्या भागात वादळ आलं होतं आणि ती घाबरलेल्या सहकाऱ्याला समजावते की इथल्या हवेचा दाब पृथ्वीवरच्या एक टक्क्याहूनही कमी आहे, वारा कितीही पळाला तरी ढकलणार नाही, धूळ तेवढी सांभाळ. आठव्यात तसल्याच वाऱ्याने सहा चाकांची गाडी उलटी केली. ओझरच्या काकांनी त्या क्षणी चष्मा काढून खिशात ठेवला आणि पुढचा भाग तसाच बघितला.

आता नाशिकचं. हे आम्हाला सगळ्यात आधी दिसलं, तुम्हाला कदाचित अजूनही दिसलं नसेल. पहिल्या भागात आई पुराच्या दिवसांत गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर जाते, पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघते आणि मुलीला निरोपात सांगते, 'मारुतीच्या कमरेपर्यंत आलंय.' नाशिकच्या माणसाला पुढे काही सांगावं लागत नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आम्ही आकडे विचारत नाही, मारुतीला कुठे लागलं ते विचारतो. पाय, कंबर, छाती, गळा. ते आमचं गेज आहे, आणि ज्या कुणी ते तुम्हाला सुचवलं त्याला हे गाव कळलेलं होतं. आठव्यात आईची बहीण 'गोदावरी नदीच्या किनारी' प्रार्थनेला जाते. नाशिकचा माणूस 'गंगेवर जाऊन येतो' म्हणतो. आणि ती जिथे जाते तिथलं पात्र एवढं रुंद की पलीकडचा काठ धूसर दिसतो, पाण्यात मोठमोठ्या होड्या, मागे उंच दगडी पायऱ्या. तो रामकुंड नाही, गांधी तलाव नाही, होळकर पुलाच्या आसपासचं काहीच नाही. दुसऱ्या कुठल्यातरी गावाचं विकत घेतलेलं चित्र आहे. समोरच्या वहिनींचं माहेर सराफ बाजारात, लहानपणी घरात पुराचं पाणी शिरलेलं त्यांना आठवतं. त्या एवढंच म्हणाल्या, 'आपलं गाव दाखवायचं नव्हतं तर नाव कशाला घेतलं?'

आणखी एक. सात भाग आई हे पात्र हिशोबी आहे. वहीत प्रत्येक निरोपाची वेळ लिहिणारी, उत्तर कधी येईल ते आधी मांडून ठेवणारी. आठव्यात तिला रडण्याशिवाय एकही काम दिलेलं नाही. वही कुठे गेली?

आता तुमच्या उत्तराबद्दल. लोक नाराज झाल्यावर तुमच्यापैकी एकांनी मुलाखतीत सांगितलं की एवढं विज्ञान आपल्या प्रेक्षकाला कुठे कळतं, त्याला भावना हवी असते, आणि उरलेल्या दोन भागांत आता 'थांबाथांबी' असणार नाही. शिवाय आमच्या टीममध्ये पुरस्कार मिळवलेली माणसं आहेत, विश्वास ठेवा, असंही.

कळत नाही म्हणता? २४ सप्टेंबर २०१४ ची सकाळ आठवा. मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरत होतं. ते मंगळामागे गेलं होतं आणि तिथला निरोप पृथ्वीवर पोचायला साडेबारा मिनिटं लागत होती. आमच्या शॉप फ्लोअरवर पहिल्या शिफ्टचे फिटर, हेल्पर, कँटीनचा पोरगा, सगळे एका मोबाइलभोवती उभे होते. जे व्हायचं ते तिकडे होऊन गेलंय आणि आपल्याला अजून कळलेलं नाही, हे त्या प्रत्येकाला कळत होतं. कुणी वर्ग घेतला नव्हता. घरी टीव्हीसमोर बसलेले आबा तेव्हा धडधाकट होते. संध्याकाळी मला म्हणाले, 'तार निघाली होती, पोचायची होती, एवढंच.' भावना त्या साडेबारा मिनिटांत होती. विज्ञान काढून घेतलं की ती वाढते हे तुम्हाला कुणी सांगितलं?

पुरस्कारांचं म्हणाल, तर डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. तेव्हाही ते जगभर नावाजलेले शास्त्रज्ञ होते. स्वतःच्या नावाचा भार परीक्षकांवर पडू नये म्हणून नाव बदललं आणि बक्षीस कथेच्या जोरावर मिळवलं. डिसेंबर २०२१ मध्ये आमच्याच नाशिकला झालेल्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत, पण विज्ञानकथा लिहिणारा माणूस मराठी साहित्याच्या सगळ्यात मोठ्या खुर्चीवर निवडला गेला, याचा या गावाला अभिमान आहे. ज्या भाषेत हे घडलं, तिच्या वाचकाला, प्रेक्षकाला 'कळत नाही' म्हणू नका.

याच जागी मला आमच्या बाजूच्या लोकांनाही एक सांगायचं आहे. मुलीचं काम करणाऱ्या अभिनेत्रीला गेले दहा दिवस जे लिहिलं जातंय ते लाजिरवाणं आहे. तिच्या दिसण्यावर, आवाजावर, घरच्यांवर. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवरही तसलं एक चित्र आलं होतं. मी ते टाकणाऱ्या पोराच्या घरी गेलो, त्याच्या समोर बसलो आणि ते काढायला लावलं. तिने लिहून दिलेलं म्हटलं. त्या दगडाला हात लावून जे रडायचं होतं तेही तिने मनापासून केलं. ज्यांना राग आलाय त्यांनी लिहिणाऱ्यांना आणि ठरवणाऱ्यांना विचारावं, सभ्य शब्दांत. आणि निर्माते म्हणून तुम्ही तिच्या बाजूने अजून एक वाक्य बोललेलं नाही. शिव्यांबरोबर आमचे साधे प्रश्नही पुसून टाकलेत आणि प्रतिक्रियाच बंद केल्यात. काकांच्या नातवाने विचारलं होतं, 'सातव्या भागापर्यंत श्रेयनामावलीत विज्ञान सल्लागार होते, आठव्यात का नाहीत?' यात शिवी कुठली?

प्रेक्षकांच्या पत्रांनी मालिका हलल्याचं उदाहरण आहे. १९६८ मध्ये अमेरिकेत 'स्टार ट्रेक' बंद पडायच्या बेतात होती. लोकांनी एवढी पत्रं पाठवली की तिसरा सीझन मिळाला. मी जास्तीचे भाग मागत नाही. मागण्या एवढ्याच:

१. कोपऱ्यातला आकडा परत आणा. दगडाचं जे झालं ते उरलेल्या दोन भागांत गोष्टीच्या आतच प्रामाणिकपणे निस्तरा. तिला भास झाला असं दाखवा, नाहीतर त्याची काही किंमत मोजायला लावा. कसं ते तुम्ही लेखक आहात, तुम्ही ठरवा. नववा आणि दहावा भाग पंधरा दिवस उशिरा आले तरी आम्ही तक्रार करणार नाही.

२. विज्ञान सल्लागारांना परत बोलवा, आणि ते का गेले ते सांगा.

३. प्रेक्षकाला कळत नाही, हे विधान ज्यांनी केलं त्यांनीच मागे घ्यावं.

४. अभिनेत्रीच्या पाठीशी उभे आहोत असं जाहीरपणे सांगा. हे आजच करा, बाकीचं नंतर.

५. प्रतिक्रिया पुन्हा उघडा. शिव्या काढा, प्रश्न ठेवा.

६. घाटाचा प्रसंग बदलता येत असेल तर नाशिकला या. कुठून मारुती दिसतो, कुठल्या वेळी गर्दी नसते, हे दाखवायला आमच्यापैकी कुणीही रजा टाकून येईल.

आबा अजून शुक्रवारी साडेआठला खुर्ची पुढे घ्यायला सांगतात. परवा मी त्यांना विचारलं, नववा भाग लावायचा का? मी तिथेच बसून राहिलो, चपलांना पॉलिश करून घेतलं. दुसरी चप्पल होत आली तेव्हा ते म्हणाले, 'बघू. आकडा आहे का.'

त्यांचा आधीचा प्रश्नही तुमच्याकडे बाकी आहे. उत्तर यायला उशीर लागला तरी चालेल, आमच्या घरी त्याची सवय झाली आहे.

आपला,
पुढच्या खुर्चीमागे बसणारा एक प्रेक्षक
इंदिरानगर, नाशिक